फेरारा दोन रात्री, राव्हेन्ना एक

फ्लॉरेन्स, ४ सप्टेंबर

ईव्हो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. थांब. काम आईचं आहे. फाडायचं तर वाचून फाड, तुकडे गोळा करायला मी काही त्रिएस्तेला येणार नाही.

आईला सहलीला जायचंय. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, जिना उतरायचा तर मला पाठुंगळी घ्यावं लागतं, आणि बाईसाहेबांना सहल हवी. फेरारा दोन रात्री, राव्हेन्ना एक रात्र, ऑक्टोबरच्या मध्यात. शहरं आणि महिना तिने एकसष्ट वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेत. बाबांच्या मधुचंद्राची गोष्ट तुला आठवतच असेल. स्टेशनवर एक हमाल त्यांच्या नव्या टोपीला हसला, बाबांनी त्याच्या तोंडावर कॉफीचा कप फोडला, मग बाकीचे सहा हमाल धावून आले. बाबा चार दिवस कोठडीत आणि आई संध्याकाळपर्यंत फलाटावर ट्रंकेवर बसून. मग ट्रंक उचलून चालत घरी. ती दोन तिकिटं अजून तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. काल तिने ती काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

"पण दोघांनी न्यायचं," म्हणाली. "एकाने न्यायचं असेल तर मी इथेच मरते, आणि मेल्यावर तुमच्यातल्या कुणीही खांदा द्यायचा नाही."

म्हणून लिहितोय. मी गाड्या बघून ठेवल्यात. चौदा तारखेला मी आईला घेऊन बोलोन्यावरून दुपारी फेराराला पोहोचतो, तू तिकडून ये. किल्ल्यामागे एक खानावळवजा हॉटेल आहे, तळमजल्यावर खोली देतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी किल्ला, खंदक, लाल भोपळा भरलेला पास्ता, ती कापेल्लाची. तिसऱ्या दिवशी छोट्या गाडीने राव्हेन्ना, सव्वा तासाचा रस्ता. तिथे त्या जुन्या समाधीतलं ते निळं छत, सोनेरी चांदण्यांचं, जे आईने फक्त कॅलेंडरवर पाहिलंय. चौथ्या दिवशी आपापल्या घरी.

पेठांच्या त्या मारामारीच्या खेळात फोस्कोची लाथ बसून तुझा डोळा गेला आणि तू हे शहर सोडलंस, त्याला एकोणीस वर्षं झाली. मी तुला दोष देत नाही. पण चार दिवस एक व्हीलचेअर ढकलायला काय जातं रे तुझं?

आल्वारो

फ्लॉरेन्स, १३ सप्टेंबर

ईव्हो,

तुझं कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांनी चार वाक्यं! पोस्टमनसुद्धा वाचून हसला असेल.

"आईला गाडीत बसवून दे. फेराराला मी उतरवून घेतो. तू येऊ नकोस. फोस्कोचा हात कसा आहे?"

हे वाचलं तेव्हा मी माझ्या वजडी-पावाच्या गाडीवर होतो. बाराचा सुमार, वजडीचं पातेलं उकळतंय, पुढे दहा माणसं उभी. त्यातला एक शहाणा म्हणाला की पावावर हिरवी चटणी कमी पडली. मी त्याची कॉलर धरून त्याचं तोंड पातेल्याच्या वाफेपर्यंत नेलं. लोकांनी सोडवलं. आता तो माणूस पेठभर सांगत फिरतोय की आल्वारोचं डोकं ठिकाणावर नाही. हे तुझ्या कार्डामुळे झालंय.

तू येऊ नकोस म्हणे! ब्याऐंशी वर्षांची बाई एकटी गाडीत बसवायची, आणि मी फलाटावर हात हलवत उभा राहायचं? तिने दोघं म्हटलंय. तुला एक डोळा कमी आहे, कान तर शाबूत आहेत ना?

आणि फोस्कोचा हात. बरा नाही. उजव्या हाताची तीन बोटं उघडत नाहीत. चौकटींना सोन्याचा वर्ख लावायचं काम केव्हाच सुटलं. त्या बोटांनी वर्ख उचलायचा म्हणजे श्वाससुद्धा रोखून धरावा लागायचा, आठवतं? आता एका चर्चच्या दाराशी बसून मेणबत्त्या विकतो. मला का विचारतोस? त्याचा हात मी मोडला नाही. तुझ्या सासुरवाडीच्या पेठेतल्या माणसांनी मोडला, तुझा डोळा गेला म्हणून. खेळात नियम मोडणाऱ्याचं आजवर जे झालं तेच त्याचं झालं. एकावर एक, मागून नाही, पडलेल्याला नाही. लंगोट सुटायच्या आधी आपण हे शिकलो. फोस्कोलाही माहीत होतं.

सहलीचं सांगतो. हॉटेलवाल्या बाईने दोनच खोल्या ठेवल्यात, एक आईला, एक आपल्या दोघांना. पलंग वेगळे आहेत, मी विचारून घेतलं. फेराराचे रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, व्हीलचेअर उडत जाणार, म्हणून मी जाड चाकांची भाड्याने घेतोय. फक्त हो म्हण.

आल्वारो

फ्लॉरेन्स, २१ सप्टेंबर

ईव्हो,

आई जेवत नाहीये. आज तिसरा दिवस. पाणी पिते, कॉफी पिते, माझ्याकडे बघते आणि तोंड फिरवते. मी कालवण केलं, पाव भिजवून दिला. तिने ताटली उचलून भिंतीवर मारली. ब्याऐंशी वर्षांच्या हातात एवढा जोर कुठून येतो? बाबांकडून तिने एवढंच घेतलं असणार.

मी ओरडलो, "तुझा लाडका नको म्हणतोय, मी काय करू? दोरीने बांधून आणू त्याला?"

"तो का नको म्हणतोय?"

"फोस्कोमुळे. या शहराचं नाव काढलं की त्याला ते सगळं आठवतं."

मग तिने लाकडी डाव उचलला आणि माझ्या कानाखाली मारला. जोरात, ईव्हो. माझं वय सत्तावन्न आहे. मी खुर्चीवरून पडता पडता राहिलो.

"त्या सामन्याला मी तिसऱ्या रांगेत बसले होते," ती म्हणाली. "दोन्ही डोळे उघडे होते माझे. बाबा माझ्या शेजारी होते, पण ते टाळ्या वाजवत होते, त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं."

मी म्हणालो, धूळ होती, रंगीत धूर होता, तुला काय दिसणार?

"पोटची पोरं धुरातही दिसतात. एकोणीस वर्षं वाट बघतेय की तू स्वतःच्या तोंडाने बोलशील. आता मला वेळ नाही. आधी त्याला लिही, मग मी जेवते."

आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी डाव धुऊन ठेवला. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, गाडी बंद ठेवलीय. पुढचं उद्या लिहितो.

२२ सप्टेंबर, सकाळी

लिहितो.

त्या दिवशी चौकातल्या सामन्यात तू तुझ्या बायकोच्या पेठेच्या रंगात उतरलास. लग्न केलंस, तिकडे राहायला गेलास, ठीक. पण त्यांचा रंग अंगावर घालून आमच्यासमोर उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, तू माझ्या ताटात थुंकलास. तरी मी तुझ्या अंगावर यायचं टाळलं. सामना सुरू व्हायची तोफ झाली, वाळूत उतरलो, मी तुमच्या एका जाड्या खाटकाला घेऊन कोपऱ्यात पडलो. त्याने माझे दोन दात पाडले, मी त्याचा कान फाडला. मजेत होतो.

मग वर बघितलं. चौकाच्या मध्यावर तू आणि फोस्को. आमचा फोस्को, आमच्यातला सगळ्यात चांगला. तू त्याला मारत होतास आणि हसत होतास. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, तोही हसत होता. इतकं स्वच्छ भांडण मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि बाबा तिसऱ्या रांगेत उभे राहून ओरडत होते, "ईव्हो! ईव्हो!" ज्या माणसाने मला पट्ट्याशिवाय कशानेच हाक मारली नाही, तो शेजारच्यांना तुझ्याकडे बोट दाखवून सांगत होता की हा माझा मुलगा. आमच्या रंगात दहा वर्षं खेळलो मी. एकदाही त्याने माझं नाव घेतलं नाही.

मी खाटकाला सोडून उठलो. तुझी पाठ माझ्याकडे होती. पाच पावलं. वाटेत थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. उजवी मूठ, डाव्या कानाच्या वर, सगळ्या अंगाचा भार टाकून. तू वळलासही नाहीस, नुसता बसलास. मग पडताना तुझा चेहरा फोस्कोच्या गुडघ्यावर आपटला आणि तो आवाज मला हाडं फोडताना रोज ऐकू येतो. मी पळालो. धूर होता. धूर विरल्यावर लोकांना दिसलं ते एवढंच, की तू पडलायस आणि फोस्को तुझ्यावर वाकून उभा आहे.

आणखी एक आहे. ते तुलाही माहीत नसेल. चार दिवसांनी तुझ्या पेठेची माणसं फोस्कोच्या दुकानावर गेली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. भाऊ म्हणून माझा मान होता ना. दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर त्याचा हात ठेवला आणि वरून हातोडा घातला. मनगट मी धरलं होतं, ईव्हो. फोस्को माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं कुणी मारलं ते, मला त्याने मुठीसकट पाहिलं होतं. त्याने तोंड उघडलं नाही. आपल्या पेठेतल्या माणसाला दुसऱ्या पेठेपुढे उघडा पाडायचा नसतो. तीन घाव होईपर्यंत तो गप्प बसला आणि मी धरून राहिलो.

आईला हे वाचून दाखवलं. ती उठून बसली, अर्धी ताटली जेवली.

आल्वारो

फ्लॉरेन्स, २ ऑक्टोबर

ईव्हो,

चार पानं. मी ती गाडीच्या मागे, कोबीच्या खोक्यावर बसून वाचली.

तर तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "हाड तोडताना तू नाकातून हुंकारतोस. अकरा वर्षं एका पलंगावर झोपलो तुझ्याबरोबर. तो हुंकार ऐकला, वळणार एवढ्यात मूठ आली." आईला माहीत, तुला माहीत, फोस्कोला माहीत. म्हणजे एकोणीस वर्षं मी हे लपवत होतो ते कुणापासून?

मी विचारणारच होतो की मग गप्प का राहिलास, आणि पुढच्याच ओळीत तू लिहिलंयस. "मी बोललो असतो तर उंबऱ्यावर तुझा हात असता. शुद्धीवर आलो तोवर त्यांनी फोस्कोचा मोडला होता. मग मला त्या शहरात राहवेना. एका डोळ्याने बस चालवायची नोकरी करता येत नव्हती म्हणून गेलो असं सगळ्यांना सांगितलं. बसचं खोटं आहे. मला फोस्कोच्या समोरून जाता येत नव्हतं."

हे वाचून मी पातेल्याला लाथ मारली. पातेलं उलटलं, चाळीस माणसांची वजडी रस्त्यावर आणि माझा पाय भाजला. बरं झालं. तू माझा हात वाचवत होतास, आणि मी त्या वेळी दुसऱ्याचा धरून बसलो होतो.

तुझी अट मान्य आहे. "सहलीचं नंतर. आधी पेठेच्या जेवणात सगळ्यांसमोर सांग. फोस्को असताना सांग." उद्या रविवार, महिन्याचं दुपारचं जेवण आहे. फोस्कोला बंदी आहे, तो जेवणाला येत नाही, पण मी स्वतः त्याच्या दाराशी जाऊन बोलावून आणतो.

हॉटेलवाल्या बाईला मी अजून नाही म्हटलेलं नाही. खोल्या बारा तारखेपर्यंत ठेवते म्हणाली.

आल्वारो

फ्लॉरेन्स, ७ ऑक्टोबर

ईव्हो,

हे पत्र वाकडं आहे कारण एक डोळा सुजून बंद झालाय. तुझं कसं चालत असेल ते थोडंसं कळलं. दाराची चौकट दोनदा लागली.

रविवारी सांगितलं. फोस्को आला नाही, म्हणाला, "मला बंदी आहे, मी नियम पाळतो." म्हणून मी जेवणाची सगळी मंडळी उठवून त्याच्या दाराशी नेली. साठ माणसं गल्लीत, गळ्यात पेठेच्या रंगाचे रुमाल, कुणाच्या हातात अजून काटा. तो दारात उभा. मी सांगितलं. मूठ, धूर, मनगट, सगळं.

मग म्हातारा ब्रुनेरो पुढे आला. आपल्याला पहिल्यांदा वाळूत उतरवलं तो ब्रुनेरो. माझ्या गळ्यातला रुमाल त्याने ओढून काढला आणि खिशात घातला. म्हणाला, "फोस्को आत ये, हा बाहेर जाईल." आणि मला मारलं. त्याच्यामागून बाकीचे. पण एकेक करून, ईव्हो. एकाचं झालं की दुसरा. पडलो की थांबायचे, उठलो की पुढचा. नववा की दहावा होता तेव्हा मला उठता आलं नाही. दोन बरगड्या गेल्या. कुणीही मागून मारलं नाही.

फोस्को नुसता बघत होता. दार लावून आत गेला.

आज दुपारी तो गाडीवर आला. रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर म्हणाला, "एक. चटणी जास्त, तिखट जास्त." मी पाव रश्श्यात बुडवून दिला. त्याने उभ्याउभ्या अर्धा खाल्ला, उरलेला फळीवर नीट ठेवला, तोंड पुसलं, आणि डाव्या हाताने माझं नाक फोडलं. डाव्या हाताने! असा ठोसा मी उजव्या हाताचाही खाल्ला नव्हता.

"एकोणीस वर्षं शिकवलंय याला," म्हणाला. मग उरलेला पाव उचलून खाल्ला. "मीठ कमी आहे तुझ्या वजडीत," म्हणाला आणि गेला. रांगेतल्या कुणाची हसायची छाती झाली नाही. मी रडत होतो, नाकामुळे नाही.

तुझी अट पुरी झाली. आता तू ये. तुझा हिशेब उरलाय तो मला माहीत आहे. राव्हेन्नात असो की फेरारात, तू म्हणशील तिथे मी हात खाली सोडून उभा राहतो. मार मला. जितकं मनात असेल तितकं. मी हात उचलणार नाही.

आल्वारो

फ्लॉरेन्स, ११ ऑक्टोबर

ईव्हो,

तार आल्यासारखं तुझं उत्तर आलं. तीन ओळी. आईला वाचून दाखवल्या, ती इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं.

"चौदाला फेराराच्या फलाटावर असेन. राव्हेन्नाजवळ समुद्र आहे, वाळू आहे, ऑक्टोबरात तिथे कुत्रंही नसतं. आणि हात उचल. हात न उचललेल्या माणसाला मारायची सवय तुला आहे, मला नाही."

बरं. मग ऐक, सगळं नक्की झालंय.

चौदा तारीख. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी फेरारा. फलाटावर मिठी वगैरे मारायची गरज नाही, माझ्या बरगड्या दुखतात. तू आईची बॅग घे. संध्याकाळी भोपळ्याची कापेल्लाची, आणि ते शिंगांसारखं पिळलेलं पावाचं प्रकरण, ते आईला हवंय. तुझी डावी बाजू आंधळी आहे म्हणून टेबलाशी मी उजव्या बाजूला बसेन. आई मध्ये.

पंधरा. किल्ला. खंदकाचा कठडा बुटका आहे, खुर्ची तू ढकलायची नाहीस, मी ढकलेन. दुपारी आई झोपेल. आपण एका खोलीत असू. काही बोलायचं असेल तर बोल, नसेल तर मी छताकडे बघत पडेन.

सोळा. सकाळची गाडी, राव्हेन्ना. आधी ते निळं छत. तिथे आत फार वेळ थांबू देत नाहीत, आणि दार बुटकं आहे, आईला मी उचलून नेईन, बरगड्यांचं बघता येईल. आईने निक्षून सांगितलंय की चांदण्या आधी आणि मारामारी नंतर, कारण मारामारीनंतर तुमच्यापैकी कुणाला वर बघता येईल याचा भरवसा नाही.

मग स्टेशनासमोरून समुद्राची बस. आईला वाळूच्या कडेला घोंगडी पांघरून बसवायचं. तोफ नाही, म्हणून ती थर्मासचं झाकण खुर्चीच्या दांड्यावर आपटणार. एकदा आपटलं की सुरू, दुसऱ्यांदा आपटलं की बंद. मध्ये कुणी पडला तर थांबायचं. तिने विचारलं, "बाबांच्या जागी कुणी ओरडायचं?" मी म्हणालो, कुणी नको. ती म्हणाली, "मी ओरडणार. दोन्ही नावं."

माझा चष्मा मी तिच्याकडे देईन. हात वर असतील. मला ठाऊक आहे की तू अजून माझ्यापेक्षा चांगला आहेस, आणि तरी मी मनापासून मारणार आहे, कारण तू तेच मागितलंयस.

आणि मी समोरून येईन, ईव्हो. थोडा उजवीकडून, जिथून मी तुला दिसतो.

तुझा भाऊ,
आल्वारो